ही निळी भिंत कुणाची?

'ताई, जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय!'

मी बाजूला झाले. माझ्याबरोबर आणखी एक बाई बाजूला झाली. ती त्याच घरात राहणारी होती. एका हातात बादली, बादलीत कालवलेला निळा चुना, दुसऱ्या हातात कुंचला. दारापुढच्या पायऱ्या रंगवायचं तिचं काम अर्ध्यावर आलं होतं. आमचे फोटो काढून होईपर्यंत ती स्वतःच्याच दारात पाहुणीसारखी अवघडून उभी राहिली. फोटो फार सुंदर आला. त्यात निळ्या पायऱ्या आहेत, लाल फुलांच्या कुंड्या आहेत, एक मांजर आहे. ती बाई नाही.

गेल्या वर्षी मोरोक्कोच्या राजधानीत, रबातला, कौटुंबिक कायद्यांवरच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही तिघीजणी गेलो होतो. शेवटी दोन दिवस हाताशी उरले, तेव्हा बसने जवळजवळ पाच तास प्रवास करून शेफशाउएनला गेलो. उत्तरेकडच्या रिफ पर्वतातलं हे गाव. तिथली माणसं त्याला नुसतं 'शाउन' म्हणतात. शाउन म्हणजे शिंगं. गावामागची दोन शिखरं बोकडाच्या शिंगांसारखी वर आलेली आहेत. जुनं गाव सगळं निळं. भिंती निळ्या, दारं निळी, कितीतरी गल्ल्यांमध्ये पायाखालच्या पायऱ्यासुद्धा निळ्या. कार्यशाळेतलीच तेतुआनची एक मैत्रीण आमच्याबरोबर आली होती. दुभाषी आणि वाटाड्या दोन्ही तीच.

आमच्यातली सगळ्यांत धाकटी कार्यकर्ती मोबाईलमध्ये फोटोच्या जागांची यादी घेऊन आली होती. उता अल्-हम्माम चौक आणि त्यातला किल्ला, एल अस्रीकडची कुंड्यांची गल्ली, रास अल्-मा हा झरा, आणि सूर्यास्ताला समोरच्या टेकडीवरची, स्पॅनिशांनी १९२०च्या दशकात बांधलेली मशीद. तिथून सगळं गाव एका नजरेत येतं. प्रत्येक जागेपुढे उजेड कधी चांगला असतो ते लिहिलेलं होतं. एका गल्लीपुढे आणखी एक सूचना होती. थोडं थांबा, लांब झगा घातलेली एखादी स्थानिक बाई पायऱ्या चढू लागली की फोटो घ्या, चित्र जिवंत होतं.

मी तिला नावं ठेवत नाही. मीही फोटो काढले. त्रेचाळीस काढले, मोजून पाहिलेत. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी गेलेल्या मुलीने निळ्या भिंतीपुढे उभं राहून हौसेने फोटो काढला, तर त्यात आक्षेप कसला? मला टोचली ती शेवटची सूचना. दबा धरून बसायचं, आणि ओझं घेऊन जिना चढणारी बाई आली की टिपायची. तीही पाठमोरी, म्हणजे तिने नाही म्हणायचा प्रश्नच नको.

गाव निळं का, याची तिथे तीन-चार उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं १९३०च्या दशकात आलेल्या ज्यूंनी हा रंग आणला, कुणी म्हणतं निळ्याने डास येत नाहीत, कुणी म्हणतं उन्हाळ्यात घर गार राहतं. हॉटेलवाल्यापासून दुकानदारापर्यंत जो तो उत्साहाने सांगतो. पण गाव निळं राहतं कसं, हे कुणी आपण होऊन सांगत नाही. रिफमध्ये हिवाळ्यात चांगला पाऊस पडतो. चुन्याचा रंग धुपतो, पायऱ्यांवरचा तर पायांनीच झिजतो. म्हणून दर वर्षी, कुठे वर्षातून दोनदा, रमजानच्या आधी, सणाच्या आधी तो पुन्हा द्यावा लागतो. त्या दोन दिवसांत हातात कुंचला घेतलेली पाच माणसं मला दिसली. त्यातल्या चार बायका होत्या.

चुन्यात घालायच्या निळ्या पुडीला तिथे 'नीला' म्हणतात. बाजारात पोत्यांतून मांडलेली असते. मी ऐकून थबकलेच. आपलीच नीळ ती! संस्कृतातला 'नील' फारसी-अरबीतून फिरत फिरत तिथवर पोचलेला. दिवाळीच्या आधी माझी आई चुना भिजवायची, त्यात नीळ टाकायची आणि शाळेतून येऊन आम्ही हात लावायच्या आत ओटीच्या तिन्ही भिंती करून मोकळी व्हायची. चुन्याने तिच्या बोटांना भेगा पडत. पाहुणे घर किती प्रसन्न आहे म्हणत आणि चहाला बसत.

मोरोक्कोच्या श्रमबाजारात स्त्रियांची नोंद होते ती पाचांतल्या एकीच्या आसपास. पायऱ्या रंगवणारी, अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालणारी, झऱ्यावर घोंगड्या धुणारी यात कुठे येते? कुठेच येत नाही. आणि ज्या गावाचं निम्मंअधिक पोट या निळाईवर चालतं, तिथे निळाई राखणारीचं नाव 'घरीच असते' असं नोंदलं जातं. आपल्याकडे घरकामाच्या मोजदादीवर किती शिबिरं झाली! तिथे फक्त फरक असा की घरकामाची भिंत जगभर फिरते, भिंत सारवणारी घरात राहते.

गावात आणखी एका बाईची आठवण शोधत होते. १४७१ साली हे गाव वसवणाऱ्या मौले अली इब्न रशीदची मुलगी, सय्यिदा अल्-हुर्रा. या नावाचा अर्थच 'स्वतंत्र बाई'. नवरा वारल्यावर १५१५च्या सुमारापासून १५४२ पर्यंत तिने तेतुआनचा कारभार पाहिला, पश्चिम भूमध्य समुद्रात तिची जहाजं फिरत. १५४१ साली तिने सुलतानाशी लग्न केलं, पण त्यासाठी ती राजधानीला गेली नाही. सुलतान तेतुआनला आला. फातिमा मेर्निसी या मोरोक्कन समाजशास्त्रज्ञ बाईंनी इस्लामी जगातल्या विसरलेल्या राण्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात ती आहे. शाउनच्या दुकानांत फ्रीजवर लावायच्या चकत्या पाहिल्या. दारं आहेत, मांजरं आहेत, पाठमोऱ्या बायका आहेत. मी पाहिलेल्या एकाही चकतीवर ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सोमवारी आणि गुरुवारी तिथे बाजार भरतो. आसपासच्या डोंगरातल्या जबाला बायका पहाटे उतरून येतात. कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड, डोक्यावर लोकरीचे गोंडे लावलेली रुंद गवती टोपी. पुढ्यात शेळीच्या दुधाचं चीज, पुदिना, अंडी. आमच्या धाकटीने मोबाईल वर केला. समोरच्या म्हातारीने काही न बोलता टोपी पुढे ओढली. चेहरा दिसेनासा झाला. धाकटीने तरीही फोटो काढला, आणि मला दाखवत म्हणाली, 'ताई, बघा ना, टोपीमुळे किती गूढ आलाय!'

त्या बाईंनी 'नाही' म्हटलं होतं. जितकं स्पष्ट म्हणता येईल तितकं म्हटलं होतं. आणि त्या नकाराचंच आम्ही चित्र केलं होतं, वर सुंदरही म्हटलं होतं.

तेतुआनची मैत्रीण खाली बसली. 'खालती' अशी हाक मारून बोलू लागली. खालती म्हणजे मावशी. थोरल्या अनोळखी बाईला तिथेही मावशीच म्हणतात. फोटो का नको, धर्मात बसत नाही म्हणून का, असं मी विचारायला सांगितलं. माझ्या डोक्यात तेच होतं, लपवत नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'मी चीज विकायला आले आहे.' आम्ही चीज घेतलं. फोटो त्या मुलीने आपण होऊन पुसला.

मला मात्र त्या टोपीने नऊ वर्षं मागे नेलं. एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकतीच एका संस्थेत लागले होते. वस्तीतल्या बचत गटात एक बाई यायची. नवऱ्याची मारहाण सोसेना म्हणून दोन मुलं घेऊन बहिणीकडे राहत होती. बैठकीत मी कॅमेरा काढला तसा तिने पदर पुढे ओढला. मी म्हटलं, 'पदर जरा मागे घ्या ना ताई, चेहरा दिसू दे.' तिने घेतला. हसलीसुद्धा. तो फोटो ८ मार्चला एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत संस्थेच्या कामाबरोबर छापून आला, खाली वस्तीचं नाव. चौथ्या दिवशी नवरा बहिणीच्या दारात उभा. बहिणीच्या सासरच्यांनी तिला ठेवून घ्यायचं नाकारलं. आम्ही निवाऱ्याची सोय केली, पोलिसांत गेलो, सगळं केलं. संस्थेत कुणी मला दोष दिला नाही, कारण परवानगीच्या कागदावर तिचा अंगठा होता. ती एवढंच म्हणाली, 'तुम्ही विचारलंत ताई, पण नाही म्हणायची सोय कुठे होती? कर्जाची फाईल तुमच्याच हातात ना!'

म्हणून 'परवानगी घेऊन फोटो काढा' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. विचारणारीच्या हातात काय आहे आणि जिला विचारलं तिच्या हातात काय, हे आधी पाहायला हवं. मोरोक्कोशेजारच्या अल्जीरियात १९६० साली फ्रेंच सैन्यातल्या मार्क गारांजे या तरुण छायाचित्रकाराला खेड्यातल्या माणसांचे ओळखपत्रासाठी फोटो काढायला लावलं होतं. जवळपास दोन हजार, बहुतेक बायका. त्यांना चेहऱ्यावरचं वस्त्र दूर करायला भाग पाडलं गेलं. ते फोटो पुढे प्रसिद्ध झाले ते त्या बायकांच्या डोळ्यांतल्या संतापामुळे. तिथे बंदूक होती, इथे फक्त मोबाईल, हे मला मान्य आहे. पण शाउनमध्ये १९२० साली स्पॅनिश सैन्य शिरेपर्यंत परक्या ख्रिस्ती माणसाला प्रवेशच नव्हता, आणि आता परकी माणसं दाराच्या चौकटीपर्यंत आलेली आहेत. अर्ध्या उघड्या दारातून दिसणारं अंगण खाजगी की सार्वजनिक? बायकांवरील हिंसेविरुद्ध मोरोक्कोत २०१८ साली आलेल्या कायद्याने खाजगी जागेतल्या व्यक्तीचा तिच्या संमतीवाचून फोटो काढणं आणि पसरवणं हा गुन्हा ठरवला. तिथल्या संघटनांनी त्या कायद्यावर अपुरा म्हणून टीकाही भरपूर केली. याच संघटनांनी १९९२ साली कौटुंबिक कायदा बदलण्यासाठी दहा लाख सह्यांची मोहीम उघडली होती, २००४चा नवा कायदा त्या लढ्यातून आला. आईकडे मुलांचा ताबा असला तरी कायदेशीर पालक सहसा बापच, या तरतुदीवर कार्यशाळेत आमच्या मैत्रिणी तावातावाने बोलत होत्या. जाहिरातीतल्या पाठमोऱ्या बाईला यातलं काहीच चिकटत नाही.

मग पर्यटक नकोतच का? असं म्हणणं सोपं आहे, पण त्याने तिथल्या कुणाची चूल पेटत नाही. एका जिन्याशी फोटोचे पाच दिरहम मागत होते. आमच्यातली एक चिडली, 'भिंत बघायचेही पैसे?' मला तर ते रास्त वाटलं. चुना विकत आणावा लागतो, कुंड्या फुकट येत नाहीत. फक्त पैसे घ्यायला खुर्चीवर मुलगा बसला होता आणि आत भांड्यांचा आवाज येत होता. पहिल्या दिवशी आम्ही जिच्या पायऱ्यांवर फुकट फोटो काढले, तिच्याकडे परत निघताना गेलो. ओशाळवाणं वाटत होतं. मैत्रिणीने सांगितलं तेव्हा ती हसली, पैसे नको म्हणाली, पुदिन्याचा चहा केला आणि तिचा धुपलेला हात माझ्या हाताशेजारी धरून दाखवला. मग विचार बदलून पाच दिरहम घेतलेही. 'चुन्याचे,' म्हणाली.

मैत्रिणींनो, आपल्या गटांपुरतं तरी आपण हे बोलायला हवं. आपल्या कपाटांत बायकांच्या फोटोंचे गठ्ठे आहेत, अहवालात, पत्रकात, आता तर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये. मी सध्या जिथे काम करते तिथे आम्ही असं ठरवलं आहे की बैठकीत ज्या दिवशी कर्जाची वा केसची कामं असतील त्या दिवशी कॅमेरा काढायचा नाही. फोटो जिचा तिला छापायच्या आधी दाखवायचा, आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं, शक्यतो दुसऱ्या कार्यकर्तीने. पदर, टोपी, वळवलेली मान, सगळ्याचा अर्थ 'नाही' असाच धरायचा. निधी देणाऱ्यांना हे आवडत नाही. त्यांना चेहरे लागतात. यंदाच्या अहवालावरून एका बैठकीत आमची बरीच खडाजंगी झाली आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

या लेखाबरोबर छापायला संपादिकाताईंनी फोटो मागितले. त्रेचाळीसपैकी अकरांत बायका आहेत. त्यातल्या नऊ जणींना मी विचारलंच नव्हतं. जिन्याचा एक तेवढा पाठवला आहे, अर्ध्या रंगवलेल्या पायऱ्यांचा. चुन्याचे पाच दिरहम दिल्यावर काढलेला.