ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा

लग्न होऊन दोन लेकरे झाली तरी तोंडावर पुटकुळ्या का येतात, असा प्रश्न आमच्या भगिनी नेहमी विचारतात. मुरूम म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींचा त्रास, असा समज घराघरांत आहे. तो खरा नाही. तिशी-चाळिशीतही मुरूम येतात आणि या वयात पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त येतात. पुष्कळदा ते हनुवटीवर व जबड्याच्या कडेला येतात, पाळीच्या आधी वाढतात. रक्त खराब झाले म्हणून ते येत नाहीत. त्वचेतील ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राचे तोंड बुजते, आत जंतू वाढतात आणि सूज येते.

खरा धोका मुरुमांपेक्षा त्यांवरच्या चुकीच्या उपायात आहे. जालन्यात असो की परतूर-भोकरदनला, आपली माणसे मेडिकलवर जातात आणि "तोंडाला लावायची ट्यूब द्या" म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका कामगार भगिनीला अशीच एक ट्यूब मिळाली. आठ दिवसांत चेहरा उजळला, म्हणून तिने ती दीड वर्ष लावली. पुढे कातडी पातळ झाली, उन्हात चेहरा लाल होऊन जळजळू लागला, गालावर केस आले आणि मुरूम दुपटीने उठले. ट्यूब बंद केली की त्रास वाढे, म्हणून ती पुन्हा लावी. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते.

म्हणून ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावे दिसली तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये घातली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही.

ज्या डबीवर काहीच लिहिलेले नाही ती तर घरातच आणू नका. आपल्या शेजारच्या विदर्भात, अकोल्यात, एकाच घरातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे स्थानिक गोरेपणाच्या क्रीमने बिघडल्याचे २०२३ साली वृत्तपत्रांत आले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

मग लावायचे काय? सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के बुजलेली छिद्रे मोकळी करते. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारते. २.५ टक्क्यांचे पुरते, जास्त टक्क्यांनी जळजळच वाढते. त्याने कपड्यांचा रंग उडतो, म्हणून उशीवर जुने पांढरे फडके टाका. ॲडापलीन रात्री, वाटाण्याएवढे, साऱ्या चेहऱ्यावर पातळ लावतात. मात्र गरोदर स्त्रीने किंवा मूल हवे असणाऱ्या स्त्रीने ते लावू नये. तिच्यासाठी डॉक्टर बहुधा ॲझेलेइक ॲसिड सुचवतात. मुरूम गेल्यावर राहणारे काळे डागही त्याने फिके होतात. ही औषधेही डॉक्टरांना विचारूनच सुरू करावीत.

सगळी एकदम लावू नका. एक निवडा, सुरुवातीला एक दिवसाआड लावा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत गोरे करणाऱ्या ट्यूबवर म्हणूनच संशय घ्यावा. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नका. मुरूम फोडू नका. केसांचे तेल कपाळावर उतरू देऊ नका. स्टीलच्या कारखान्यातून किंवा बियाण्यांच्या गोदामातून आल्यावर साध्या सौम्य साबणाने तोंड धुवा, घासू नका.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मोठ्या दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील, तर घरगुती उपाय थांबवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. लपवू नका.

पाहुणे बघायला येणार म्हणून लेकीच्या तोंडाला काहीबाही फासणाऱ्या आयांना आमचे एवढेच सांगणे आहे: पुटकुळी चार महिन्यांत बरी होते, पण स्टेरॉइडने खराब झालेली कातडी सावरायला वर्षे लागतात.