पिछवाई घेताना एक प्रश्न विचाराच



केसरियाजी आणि राणकपूरच्या यात्रेला गेलं की आपला मुक्काम बहुधा उदयपूरला पडतो. तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर नाथद्वारा आहे. श्रीनाथजींची मूर्ती गोवर्धनहून निघून १६७२ मध्ये इथे स्थिरावली आणि या गावात चित्रकारांची घराणी नांदू लागली. मूर्तीच्या मागे लावायचा रंगवलेला पडदा म्हणजे पिछवाई. उन्हाळ्यात कमळांची, शरद पौर्णिमेला रासलीलेची, गोपाष्टमीला गाईंची, अशी ती ऋतू आणि सणाप्रमाणे बदलते.

वैष्णवांच्या गावात आपलं काय काम, असं कुणी म्हणेल. पण मेवाडच्या चित्रकलेचा सर्वांत जुना ज्ञात नमुना म्हणजे श्रावकांच्या प्रतिक्रमणावरची एक ताडपत्री पोथी आहे. उदयपूरजवळच्या आहाडला ती १२६० मध्ये तयार झाली. म्हणजे ही कला आपल्याला परकी नाही. म्हणून तर ती घेताना आपण आपले नियम बाजूला ठेवू नयेत, असं मला वाटतं.

मी चित्रकारांच्या गल्लीत बराच वेळ बसले. कापडाला खळ लावतात, घोटून गुळगुळीत करतात. हिंगूळ, गेरू, नीळ असे रंग डिंकात कालवतात. हे सगळं पाहताना मन प्रसन्न झालं. मग मी विचारलं, "भैया, हा इतका बारीक ब्रश कशाचा?" उत्तर आलं, "गिलहरीच्या शेपटीचा." केस कापून खारीला सोडून देतात, असंही त्यांनी सांगितलं. असेलही. पण बाजारातून आलेल्या ब्रशाचं काय, ते कोण सांगणार? मुंगसाच्या केसांचे ब्रश तर कायद्यानेच बंद आहेत. रंग बांधायला काही जण सरस वापरतात, तोही जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच होतो.

स्वतः केलं नाही म्हणून आपण सुटत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हीचा दोष आपल्याकडे सांगितला आहे. पैसे मोजून चित्र घरी आणणं ही अनुमोदनाच.

मग घेऊच नये का? माझं मत तसं नाही. चांदीच्या वर्खाचं आठवा. जनावरांच्या आतड्यांत ठेवून तो कुटतात हे कळल्यावर आपल्या बायकांनी दुकानादुकानांत विचारायला सुरुवात केली. यंत्रावरचा वर्ख आला, आणि २०१६ मध्ये वर्ख करताना प्राणिज वस्तू वापरायला सरकारनेही मनाई केली. मिठाई बंद झाली नाही, पद्धत बदलली. इथेही कृत्रिम केसांचे बारीक ब्रश मिळतात, बाभळीचा डिंक आहेच. गिऱ्हाइकाने मागितलं तर कारागीर नक्की देईल.

पण मागायचं तर दामही द्यायला हवा. मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एका मध्यम पिछवाईला वीस दिवस लागले आणि दिवसाची मजुरी हजार रुपये धरली, तर नुसती मजुरीच वीस हजार झाली. कापड, रंग, सोन्याचा वर्ख वेगळा. अशा चित्राला आपण "पाच हजारात द्या" म्हणतो, आणि शेजारच्या दुकानातलं छापील चित्र हातचं समजून घेऊन येतो. लग्नाच्या हॉलच्या सजावटीला किंमत न विचारता पैसे देणाऱ्या आपल्या समाजाला हे शोभत नाही. परवडत नसेल तर वीतभर कमळाचं चित्र घ्यावं, पण ते हातचं घ्यावं आणि पूर्ण किंमत देऊन घ्यावं.

तेव्हा पुढच्या यात्रेत नाथद्वाऱ्याला जरूर जा. आधी ब्रश कशाचा ते विचारा, मग रंग कशात कालवला ते विचारा, आणि उत्तर पटलं तर घासाघीस करू नका. ज्याचं उत्तर पटलं नाही, त्याला "पुढच्या वेळी तसं करून ठेवा, मी घेईन" असं सांगून या. आणि पुढच्या वेळी खरंच घ्या.