कड कापू नका!

परवा मावशीचा फोन. "अरे, तू दिलेल्या आजीच्या फोटोची पांढरी कड पिवळी पडलीय. तेवढी कापून फ्रेम करून घेऊ का?"

म्हटलं, मावशी, थांब! कापू नकोस.

एरर दिसते म्हणून मॉनिटर बंद करण्यातला प्रकार आहे हा. प्रिंट करताना कड पट्टीखाली झाकलेली असते, म्हणजे तिथे चित्र नसतंच. तिथे जो रंग दिसतो तो निव्वळ दोष. तोच दोष आजीच्या चेहऱ्यावरही असतो, फक्त राखाडी छटांत लपलेला. कड कापली की पुरावा जातो, रोग तसाच राहतो.

कड करडी असेल तर ते त्याच दिवशी कळतं. मग संशय प्रकाशावर नाहीतर जुन्या कागदावर. कागदाचा एक कोरा तुकडा मिट्ट काळोखात डेव्हलप आणि फिक्स करायचा, दुसरा सेफलाइटखाली. पहिलाही करडा आला तर कागद गेला, फक्त दुसराच आला तर सेफलाइट. (मात्र पांढरी कड म्हणजे सेफलाइट निर्दोष, असं नाही हं. एकट्याने न दिसणारा मंद प्रकाश चित्रातल्या उजळ भागात मिसळून तो मळकट करू शकतो.)

पिवळेपणाचं तसं नाही, तो उशिरा येतो. फिक्सर, म्हणजे जुन्या स्टुडिओवाल्यांचा हायपो, थकलेला असला की चांदीचे क्षार कागदात उरतात. धुण्यात आळस केला तर हायपोच उरतो. मग सावकाश सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. तेच ते पिवळं-तपकिरी.

इथेच मी गाढवपणा केला. २०२४ मध्ये माझ्याकडची प्रत पिवळी पडली, तेव्हा एकाच रविवारी बल्ब, कागद आणि डेव्हलपर तिन्ही बदलले. ऑफिसात कुणी असा कोड चेक-इन केला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं! नव्या प्रिंटच्या कडा पांढऱ्याशुभ्र आल्या, मी खूश, बग क्लोज. अरे, पण पहिल्या दिवशी त्या पांढऱ्याच असणार ना! खरा चोर फिक्सरचा ट्रे होता. पैसे वाचवायला सगळे प्रिंट त्या एकाच ट्रेमधून काढले होते.

मावशीच्या फोननंतर त्याच बॅचमधला एक जादा प्रिंट काढला, ओल्या पांढऱ्या कडेवर सोडियम सल्फाइडच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकला आणि तीन मिनिटांनी टिपून घेतला. तपकिरी डाग!

पोटात गोळाच आला. कारण त्याच बॅचच्या एका प्रिंटच्या कडेवर आजीने पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, स्वतःचं नाव लिहिलंय. आता आजी नाही. नशिबाने ती कड अजून पांढरी होती. रात्रीच तो प्रिंट ताज्या फिक्सरच्या दोन ट्रेमधून काढला आणि तासभर धुतला. अक्षर टिकलं.

मावशीचा पिवळेपणा मात्र पुन्हा फिक्स करून जाणार नाही. निगेटिव्ह आहे, या शनिवारी तिला नवीन प्रिंट काढून देतोय. जुना पण हवाय म्हणाली.