कचरा आपला, गाव त्यांचं

हडपसरच्या पुढे सासवड रस्त्याकडे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं आहेत. पुणेकरांना ती बरीच वर्षं एकाच कारणाने माहीत, कचरा डेपो! खायचं शहराने आणि उष्टं टाकायचं गावात, असा हा शेजारधर्म. वास येतो, विहिरींचं पाणी बिघडलं, असं गावकरी वर्षानुवर्षं सांगत राहिले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. कचरा आपल्या दारात साठला, तेव्हा कुठे शहराला ही गावं आठवली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ११ गावं महापालिकेत आली, त्यात ही दोन्ही होती. पण टॅक्स जास्त आणि सोयी कमी, ही तक्रार राहिलीच. २०२४ मध्ये दोघांची वेगळी नगरपरिषद झाली. शहरात आलं की गावाचं भलंच होतं, असं आपण उगाच धरून चालतो.

आता आपल्या मेसकडे बघा. फर्स्ट इयरला मीही ताट भरून घ्यायचो आणि अर्धं टाकायचो. ते जातं कुठे, हे कधी विचारलंच नाही. मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं. मेसमागे खताचा खड्डा करायला फायनल इयर प्रोजेक्ट लागत नाही. रेक्टर सरांनी जागा द्यावी, खड्डा आम्ही खणतो. आणि तोपर्यंत? पोळी एक कमी घ्या, लागली तर परत मागा.