नवे औषध आणि 'पी'चा आकडा

दगडीवरच्या नव्या औषधाच्या पत्रकात 'पी ०.०५ पेक्षा कमी' असे छापले, की विक्रेता 'पंचाण्णव टक्के खात्री' सांगतो. बंधूंनो, अर्थ तसा नाही. नवे औषध जुन्याहून तसूभरही सरस नसते, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात पाचांहून कमी वेळा दिसला असता, इतकेच. अशी वीस औषधे तपासा, सरासरीने एखादे या चाळणीतून निसटतेच. ही रेघ रूढ केली रोनाल्ड फिशर यांनी, १९२५ च्या पुस्तकातून. ते तेव्हा इंग्लंडातील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात होते, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! तेव्हा विचारा, किती गाईंवर पाहिले? जुन्या औषधावरच्या गाई तुलनेला होत्या का? गाई हजारो असतील, तर अर्ध्या दिवसाच्या फरकानेही पी खाली येतो. त्या अर्ध्या दिवसासाठी किती रुपये मोजायचे, ते तुम्हीच ठरवा.