दहावा माणूस

समाजाचे मोठेपण आपण सहसा त्यातील थोर पुरुषांवरून मोजतो. मला हे माप अपुरे वाटते. समाज उभा राहतो तो थोरांच्या कर्तृत्वाने. पण टिकतो तो साध्या माणसांनी वेळेवर केलेल्या साध्या कामांनी. याचे उदाहरण पाहावयास फार दूर जावयास नको. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाकडे पाहावे.

बेने इस्राएल लोक धर्माने ज्यू. पण त्यांची भाषा मराठी. केहिमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे ऐकली, की त्यांची मूळ गावे निराळी सांगावी लागत नाहीत. पूर्वी त्यांच्यापैकी पुष्कळजण तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत.

पुढे यांतील अनेक कुटुंबे मुंबईस आली. तेथे सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने १७९६ मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधविले. अशा मंदिरास सिनेगॉग म्हणतात. त्यानंतर लवकरच दिवेकर निवर्तले; परंतु मंदिराचे दार बंद पडले नाही. त्याची देखरेख समाजाने आपल्या अंगावर घेतली होती.

ही देखरेख कशी चालत असे? मंडळींचा प्रमुख तो मुकादम. त्याच्या मदतीस चौगुले. ही नावे आपल्या गावगाड्यातलीच नव्हेत काय? पैशांचा हिशेब ठेवणारा तो गबाई. प्रार्थना चालविणारा तो हजान आणि दिवाबत्ती, झाडलोट पाहणारा तो समाश. यांखेरीज सणाचा स्वयंपाक, गरिबांना मदत, आजाऱ्याची विचारपूस, दफनभूमीची निगा अशी कामे मंडळी आपसांत वाटून घेतात. दिवसभर आपापला धंदा किंवा नोकरी करून, उरलेल्या वेळात ती पार पाडतात.

ज्यू धर्माचा एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. एकटा मनुष्य घरी प्रार्थना करू शकतो. परंतु सामुदायिक प्रार्थनेतील काही भाग म्हणावयास किमान दहाजण हजर असावे लागतात. जुन्या रीतीप्रमाणे हे दहाजण तेरा वर्षे पूर्ण झालेले पुरुष असतात. आता काही देशांतील मंडळ्यांत स्त्रियांचीही गणना होते. नऊ मोठे पंडित जमले, तरी त्यांना थांबावे लागते. मग दहावा येतो. तो तेली असेल, कारकून असेल, नुकतीच तेरा वर्षे पूर्ण केलेला मुलगाही असेल. त्याचे पाऊल आत पडताच नऊजणांची अडलेली प्रार्थना पुढे चालू होते. मुलांनो, तुमच्याच वयाच्या मुलावाचून वडीलधारी मंडळी खोळंबून राहतात, ही केवढी मोठी गोष्ट!

दुसरे एक काम याहून अवघड आहे. कोणी मरण पावले, म्हणजे त्या देहास स्नान घालून, साधे पांढरे वस्त्र नेसवून त्याची अंत्यक्रिया करणे, हे समाजातील माणसे सेवा म्हणून करतात. ज्यू परंपरेत यास खरा उपकार मानतात. कारण मृत माणूस त्याची फेड कधीच करू शकत नाही.

कोणी म्हणेल, “मंडळे आली की भांडणे आली. त्यापेक्षा पगारी माणसे नेमावी, म्हणजे काम सुरळीत चालेल.” भांडणे होतात हे खरे. मुंबईच्या या समाजातही एकोणिसाव्या शतकात मतभेद होऊन दुसरे प्रार्थनामंदिर निघाले. काही कामांस पगारी माणसे लागतात, हेही खरे. हजान आणि समाश यांस पुष्कळदा वेतन दिले जाते. परंतु दहा नोकर रांगेने बसविले, तर त्यांस समाज म्हणता येईल काय? दिवा पगाराने लागेल. आपलेपणा पगाराने येत नाही. शिवाय ज्या कामात आपण हात घातला, त्याबद्दलच आपण तळमळतो आणि म्हणूनच भांडतोही. ज्यास कशाचीच पर्वा नाही, तो कशाला भांडेल?

आज या प्रश्नास विशेष महत्त्व आले आहे. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि त्यानंतरच्या काळात बेने इस्राएलांपैकी बहुतेक लोक तिकडे जाऊन राहिले. २०११ च्या जनगणनेत सर्व भारतात मिळून ज्यूंची संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. जेथे शंभर माणसे आहेत, तेथे एकाने आळस केला तर खपून जाते. जेथे दहाच उरली, तेथे एकाच्या आळसाने सर्वांचीच प्रार्थना अडते.

पण नीट विचार केला, तर हे शंभरांच्या मेळ्यातही तितकेच खरे आहे. फक्त तेथे ते डोळ्यांस दिसत नाही. शाळेची बाग असो, गावचे वाचनालय असो, की गल्लीतील उत्सव असो, “मी एकटा गेलो नाही तर काय बिघडणार आहे?” असे प्रत्येकजण म्हणू लागला, म्हणजे दहावा कधीच येत नाही. म्हणून कामाची हाक आली, की आपला क्रमांक कितवा हे पाहत बसू नये. दहावे आपणच आहोत असे समजून निघावे.