अपघातातल्या जखमीची दारूची चाचणी: पोलीस म्हणाले की लगेच होते का?

१९ मे २०२४. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे कारने दुचाकीला उडवलं. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. अल्पवयीन चालकाचं रक्त ससून रुग्णालयात घेतलं गेलं ते सकाळी अकराच्या सुमारास. पुढे नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली.

नमुना बदलला नसता, तरी उशीर होताच. तो का महत्त्वाचा?

वेळेचं गणित

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं गुन्हा आहे. १०० मिलिलिटर रक्तातलं हे प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने कमी होतं. म्हणजे मर्यादेच्या चौपट प्यायलेला माणूसही आठ तासांनी चाचणीत जवळपास कोरा निघू शकतो.

चालक स्वतःच जखमी असेल तर?

कलम २०३ आणि २०४ नुसार दाखल रुग्णाची चाचणी करण्याआधी पोलिसांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावं लागतं. चाचणीमुळे उपचारात अडथळा येईल असं डॉक्टरांना वाटलं, तर ते हरकत घेऊ शकतात. आधी जीव, मग पुरावा.

डॉक्टरांना ही माहिती का हवी असते?

बरळणं, तोल जाणं, गुंगी ही दारूची लक्षणं आहेत आणि डोक्याला मार लागल्याचीही. ‘प्यायलाय, उतरली की उठेल’ असं धरून चाललं, तर मेंदूतला रक्तस्राव नजरेतून सुटू शकतो.

ड्रग्जचं काय?

इथे दारूसारखा ठरावीक आकडा नाही. अमली पदार्थामुळे चालकाचा गाडीवर ताबा राहिला नव्हता, हे दाखवावं लागतं. लघवीच्या चाचणीत काही पदार्थ घेतल्यानंतर अनेक दिवसांनीही सापडतात. उपचारात दिलेलं मॉर्फिनही त्यात दिसू शकतं. म्हणून नमुना इंजेक्शनच्या आधी घेतला की नंतर, याची नोंद हवीच.

फक्त वास आला तर?

१९७१ मध्ये बचूभाई करियाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, चालक प्यायलेला होता हे सिद्ध करायला नुसता वास पुरेसा नाही. पण २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात चाचणी झालेली नसतानाही, इतर पुराव्यांवरून विमा कंपनीने दावा नाकारणं न्यायालयाने योग्य ठरवलं.

त्यामुळे जवळचं कुणी दाखल असेल, तर नमुना किती वाजता घेतला आणि तो सीलबंद झाला का, हे विचारा. केस पेपरवर काय लिहिलंय, तेही बघा. पुढे त्याच कागदावर बरंच काही ठरतं.